गाय गवत खाते, पण कुणाचं?

चौथीच्या मुलांना गायीवर निबंध लिहायला सांगितला की एक वाक्य ठरलेलं असतं: गाय गवत खाते. उर्दूच्या वर्गातही तेच. मौलवी इस्माईल मेरठींची ‘हमारी गाय’ पाठ करून कितीतरी पिढ्या मोठ्या झाल्या. वीस वर्षं मी हे निबंध तपासतेय. ते गवत येतं कुठून, हे एकाही मुलाने लिहिलेलं नाही. मुलांना तरी काय बोल लावायचा? गायीवरून मोठ्या माणसांनी घातलेल्या वादांतही हा प्रश्न क्वचितच येतो.

आमच्या सवात, सावित्रीच्या काठी, दादीच्या गोठ्यात सहा गुरं होती. दोन गायी, बैलांची जोडी, एक पाडी, एक वासरू. आजोबा बोटीवर खलाशी. वर्षातले दहा महिने समुद्रात. आमच्याकडच्या बहुतेक मुसलमान घरांची हीच तऱ्हा: पुरुष मुंबईला, बोटीवर, पुढे आखातात, शेत आणि गोठा बायकांच्या गळ्यात. गुरांचा इतिहास लिहिणारे पुरुषच, म्हणून की काय, या बायका त्यात सापडत नाहीत.

दादीचा हिशेब दिवाळीनंतर सुरू व्हायचा. भात झोडून झालं की पेंढ्याची उडवी रचायची, वरकसावरचं गवत कापून भारे बांधायचे. तिथून मिरगापर्यंत गुरं यावरच काढायची. शेतात वाल उभे असेपर्यंत तर ती बांधूनच. कोकणातलं जनावर लहान, सव्वादोनशे-अडीचशे किलोचं. दिवसाला पाच किलो सुका चारा धरला, तरी डिसेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत एका मोठ्या जनावराला टनभर लागतो. एकरभर भातातून पेंढा निघतो एक-दीड टन. आमचं भातशेत दीड एकर. म्हणजे निम्म्याहून जास्त चारा वरकसावरून आणि डोंगरावरून यायला हवा. त्यातच रोपांची दाढ भाजायलाही टहाळाबरोबर गवत आणि शेण लागायचंच. एकाच भाऱ्यावर गोठ्याचाही डोळा आणि राबाचाही.

आणि पेंढ्याने पोट भरतं, अंग धरत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. भाकड जनावर त्यावर तग धरतं, गाभण गाय धरत नाही. आमच्या गायी श्रावण-भाद्रपदात फळायच्या, हिरवं खाऊन अंग भरलेलं असताना. नऊ महिने नऊ दिवस मोजा, वेत येतं वैशाख-ज्येष्ठात. पोटातलं वासरू शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत भराभर वाढतं, आणि नेमकी तेव्हाच उडवी तळाला गेलेली असते. म्हणून वालाचा भुसा दादी पोत्यांत भरून माळ्यावर वेगळा ठेवायची. तो फक्त गाभण गायीचा, वर कोंडा आणि पेज. इतर गुरांनी हुंगायचाही नाही.

एका वर्षी हा हिशेब चुकला. पवळ्या बैल म्हातारा झाला होता, जोताला चालत नव्हता. व्यापारी पौषातच दारात येऊन गेला. तो आमच्याकडून घ्यायचा तसा शेजारच्या कुणबीवाडीतूनही घ्यायचा, आणि बैल पुढे कुठे जातो हे दोन्हीकडे ठाऊक असायचं. पण पवळ्या दादीच्या हातचा वाढलेला. तिने दावं सोडू दिलं नाही. पाऊस आधीच लवकर सरला होता, गवत कमी. चैत्रात उडवी संपली. वैशाखात गाय व्यायली ती उठलीच नाही; वासरू दोन दिवसांत गेलं. दादी त्यानंतर कित्येक वर्षं म्हणायची, पवळ्याचा घास मी तिच्या तोंडातून काढला.

ही एका घराची गोष्ट वाटेल. पण हाच हिशेब सरकारी कागदांत पुन्हा पुन्हा दिसतो. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगर राखीव होऊ लागले. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर राग काढला तो चराईसाठीच: गायरानं गेली, गुरांनी चरायचं कुठे? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून राब-टहाळाच्या तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आपलं महाड तेव्हा कुलाब्यातच.

पुढे लिनलिथगो यांच्या शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात एक चक्र दाखवून दिलं. चारा कमी म्हणून जनावर कमजोर. जनावर कमजोर म्हणून नांगराला जास्त बैल हवेत. बैल जास्त म्हणून प्रत्येकाचा चारा आणखी कमी. दादीने हा अहवाल वाचला नव्हता, तिला गरजही नव्हती.

१९५८ साली सर्वोच्च न्यायालयात मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार हा खटला निघाला. निकालात गायीच्या आणि वासरांच्या कत्तलीवरची बंदी कायम राहिली. पण कामातून गेलेल्या बैलांवरची पूर्ण बंदी न्यायालयाने नाकारली. त्याचं एक मोठं कारण चारा होतं: निकामी जनावरं कामाच्या जनावरांचा घास खातात. पवळ्याचीच गोष्ट, पाच न्यायमूर्तींच्या तोंडून. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर हेच पुढे आकडे घेऊन मांडत राहिले.

२००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात हे मत फिरवलं. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, तेव्हा तो निरुपयोगी नाही, आणि चाऱ्याची १९५८ ची स्थिती आता राहिलेली नाही, असं ठरलं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय आधीच वगळली होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही वगळले. शेणाची किंमत मला मान्य आहे. कोकणातल्या कुठल्या बाईला नसेल? पण शेण होण्याआधी ते गवत असतं. कायद्याने बैल राखायला सांगितला, पेंढ्याची सोय मात्र पूर्वी होती तिथेच, घरच्या बाईच्या डोक्यावर राहिली.

त्यावर लोकांनी आपापला तोडगा काढला. सगळ्यांनी मिळून तोच काढला, कुणी कुणाला न विचारता: जोडी ठेवायचीच नाही. पॉवर टिलर भाड्याने मिळतो. त्याला पौषात काही घालावं लागत नाही. आमच्या भागातल्या लहानखुऱ्या गुरांना २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. बातमी वाचली तेव्हा आमच्या गोठ्यात मोटारसायकल उभी होती.

पेंढा अजूनही निघतो. फेब्रुवारीत टेम्पो येतो आणि आंब्याच्या पेट्यांत भरायला तो घेऊन जातो.