नाव लागेपर्यंत घर विकणाऱ्याचंच

कोलोनमधल्या एका नोटरीच्या कचेरीत मी घरखरेदीचे दस्त तयार करते. वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते, त्यामुळे नाव लावणं, नाव कमी करणं, बोजा उतरवणं ही भाषा घरातलीच. आपल्याकडे खरेदीखत नोंदलं गेलं की मालकी जाते, सातबाऱ्यावर नाव मागाहून लागतं. इथे तसं नाही. नोटरीने अख्खा दस्त मोठ्याने वाचला, दोघांनी सह्या केल्या, पैसे पोचले, किल्लीही मिळाली, तरी न्यायालयातल्या ‘ग्रुंडबूख’ या जमीनवहीत नाव चढेपर्यंत घर विकणाऱ्याचंच.

या वहीचं मूळ माझ्याच शहरात आहे. साधारण ११३० पासून कोलोनच्या सेंट मार्टिन पेठेतले लोक घरांचे व्यवहार चर्मपत्रावर लिहून पेठेच्या पेटीत ठेवू लागले. नोंदी लॅटिनमध्ये आहेत आणि अनेक ठिकाणी नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचंही नाव आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या बायका मला फार जवळच्या वाटतात. पुढे प्रशियाने १७८३ मध्ये गहाणाच्या वह्यांचा कायदा केला. कर्ज देणाऱ्याला जमीन कोणाची आणि तिच्यावर आधीचा बोजा किती, हे कळायला हवं होतं. १८७२ च्या प्रशियन कायद्यानंतर १९०० पासून नव्या नागरी संहितेबरोबर ही पद्धत सगळ्या जर्मनीला लागू झाली. वहीच्या पहिल्या विभागात मालक, दुसऱ्यात इतरांचे हक्क आणि निर्बंध, तिसऱ्यात गहाण.

नावाला एवढं वजन असल्यामुळेच नाझी राजवटीला लूटही वहीतूनच करावी लागली. ज्यूंच्या नावांनाही हात घातला गेला: १ जानेवारी १९३९ पासून, सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीतलं नाव नसेल तर, ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं. ३ डिसेंबर १९३८ च्या फर्मानाने ज्यू मालकाला घर विकायला भाग पाडता येऊ लागलं. २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने तर देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंची मालमत्ता सरकारजमा केली, आणि ज्यांना गाडीत कोंबून पूर्वेकडे नेलं तेही ‘बाहेर राहणारे’च धरले गेले. मग पहिल्या विभागात मालक म्हणून जर्मन राइश, म्हणजे सरकारच, आलं. नोंद करणारे कारकून नेहमीचेच होते आणि नेहमीच्याच वळणदार अक्षरात त्यांनी ती केली. अशी पानं वाचताना मला अजून संताप येतो.

पण ग्रुंडबूखमध्ये जुनी नोंद खोडत नाहीत, तिच्याखाली लाल रेघ ओढतात. वडील सातबाऱ्यावरच्या कमी झालेल्या नावाला कंस करायचे, तसंच. लाल रेघेवरचं नाव स्वच्छ वाचता येतं. ज्याच्याकडून घर हिसकावलं त्याचं नाव, कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारे, हे सगळं तिथेच राहिलं. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत घरं परत मागणाऱ्यांना याच पानांचा आधार मिळाला.

पूर्व जर्मनीत तो मार्ग बंदच होता. तिथे १९५२ मध्ये वह्या न्यायालयांकडून काढून प्रशासनाकडे दिल्या. सरकारच्या ताब्यातल्या घराजमिनींवर मालकाच्या जागी ‘जनतेची मालमत्ता’ असं लिहिलं जाऊ लागलं. बंद केलेल्या कितीतरी जुन्या वह्या एल्ब नदीकाठच्या बार्बी गावातल्या राजवाड्यात नेऊन ठेवल्या. १९९० मध्ये देश एक होण्याच्या तोंडावर परतफेडीचा कायदा आला. त्यात १९३३ ते १९४५ मधल्या छळात गेलेली मालमत्ताही धरली, आणि त्या वह्या पुन्हा उघडाव्या लागल्या. घराजमिनींसाठी अर्जाची मुदत ३१ डिसेंबर १९९२ होती. ज्या ज्यू कुटुंबांतून अर्ज करायला कोणी पुढे आलं नाही, त्यांच्या जागी ज्यू क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेला वारस मानण्यात आलं.