कोमांचीचे पाय: सुटा भाग खराब झाला हे ठरवायचं कसं?

विमानांच्या देखभालीच्या इतिहासावर पीएचडी करतेय असं सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे इंजिन का?" इंजिन आहेच. पण सध्या माझा मुक्काम विमानाच्या पायांपाशी आहे. लँडिंग गिअर, तेही चार माणसं बसतील एवढ्या छोट्या विमानाचं. आजची पोस्ट त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल आहे: एखादा भाग खराब झालाय, तो बदलायला हवा, हे ठरतं कसं? प्रश्न साधा वाटतो. भाग तुटला तर तो खराब, अख्खा असेल तर चांगला. पण लँडिंग गिअरचा भाग तुटतो तेव्हा बहुतेकदा विमान धावपट्टीवर असतं आणि वेगात असतं. तेव्हा कळून उपयोग काय?

उदाहरण म्हणून पायपर कोमांची हे विमान घेऊ. पायपर कंपनीने पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन या गावात ते १९५८ ते १९७२ या काळात बांधलं. एकच इंजिन, पंख खाली, सगळं अंग धातूचं, आणि उड्डाणानंतर पाय पोटात घेणारं. खासगी मालकाला परवडेल अशा विमानात ही तेव्हा मोठी चैन होती. पाय वरखाली करायला जमिनीखाली एक विजेची मोटर, तिच्यापासून मागच्या दोन पायांपर्यंत गेलेल्या केबली, आणि मोटरला हातभार लावायला रबरी बंजी कॉर्ड. पाय खाली येताना या रबराचा ताण त्यांना ओढतो आणि खाली आल्यावर तसंच धरून ठेवायला मदत करतो. मोटर बंद पडली तर पायलट तिला सोडवून हाताच्या दांड्याने पाय खाली ढकलतो. तेव्हा तर या रबरावर फारच भिस्त असते.

आता हे सगळं म्हातारं झालं की काय होतं ते बघा. सांध्यांमधली बुशिंगं झिजतात, बोल्ट आपल्या भोकात हलायला लागतात. रबर सैल पडलं की भार मोटरवर आणि केबलींवर जातो. यातलं काहीही एका दिवसात होत नाही आणि कॉकपिटमधून दिसत नाही. पाय खाली आल्याचा हिरवा दिवा नेहमीसारखा लागत राहतो, आणि मग एके दिवशी लागत नाही. अशा अपघातांत माणसं बहुतेक वेळा चालत बाहेर येतात. विमान मात्र पोटावर घसरलेलं असतं, प्रोपेलर जमिनीवर आपटून वाकलेला असतो, आणि प्रोपेलर आपटला म्हणजे इंजिन उघडून तपासणं आलंच. जुन्या विमानाची किंमत या दुरुस्तीपेक्षा कमी भरते, आणि मग ते भंगारात जातं.

१९७७ साली अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, कोमांचीच्या पायांबद्दल एक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढलं. याला सगळे एडीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. एडी हा सल्ला नसतो, कायदा असतो. तो पाळला नसेल तर विमान उडवता येत नाही. या एडीचा क्रमांक ७७-१३-२१. म्हणजे १९७७ सालच्या तेराव्या पंधरवड्यातला एकविसावा. माझ्यासारखीला हे क्रमांक फार आवडतात, कारण कागद हाती येण्याआधीच त्याची जन्मतारीख कळते.

त्या एडीत दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पायांचे भाग दर १००० तासांनी तपासायचे. बंजी कॉर्ड मात्र ५०० तास किंवा ३ वर्षं, जे आधी होईल तेव्हा, बदलून टाकायच्या. पुन्हा वाचा: बदलून टाकायच्या. दिसायला कशाही असोत. म्हणजे एकाच कागदात "खराब" या शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी शेजारी बसल्यात. धातूला बघून ठरवायचं, रबराला मोजून. माझ्या मते छोट्या विमानांच्या देखभालीचा निम्मा इतिहास या दोन व्याख्यांच्या ओढाताणीचा आहे.

आधी बघण्याचा इतिहास. धातूतली धोकादायक भेग केसाहून बारीक असते. १९व्या शतकात रेल्वेचे आस असेच अचानक मोडायचे, आणि प्रशियात ऑगस्ट व्योलर याने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका झटक्यात मुळीच मोडणार नाही एवढा भारही पुन्हा पुन्हा दिला की पोलाद मोडतं. रेल्वेच्या कारखान्यांत मग एक घरगुती वाटावी अशी युक्ती रुळली. भाग तेलात बुडवायचा, नीट पुसायचा, वरून खडूच्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा. भेगेत लपलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

चुंबकाची युक्ती योगायोगाने सापडली. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत विल्यम होक यांना दिसलं की चुंबकीय पकडीत धरलेला पोलादी तुकडा घासताना उडणारा लोखंडी भुसा कुठेही पडत नाही, ठरावीक रेघांवर गोळा होतो. त्या रेघा म्हणजे भेगा होत्या. पुढे एमआयटीच्या आल्फ्रेड डी फॉरेस्ट यांनी त्याला कारखान्यात वापरता येईल असं रूप दिलं, आणि १९३४ साली मॅग्नाफ्लक्स कंपनी उभी राहिली. पण विमानात ॲल्युमिनियमही भरपूर, आणि ते चुंबकाला दाद देत नाही. तिथे रेल्वेची तेल-खडूची युक्तीच नव्या वेषात परत आली. रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर हे भाऊ अंधारात चमकणारे रंग बनवायचे. (जोसेफला जादूच्या प्रयोगांचा नाद होता, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.) त्यांनी तेलाच्या जागी चमकणारा द्रव वापरला. अतिनील दिव्याखाली भेग हिरवट रेघेसारखी पेटते. १९४०च्या दशकात हे तंत्र 'झायग्लो' नावाने विमान कारखान्यांत पोचलं. आज छोट्या वर्कशॉपमध्ये लाल द्रवाचे आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे कॅन असतात. तत्त्व तेच, आजोबांच्या तेल-खडूचं.

रबराचं काय? रबराला भेग पडेपर्यंत थांबलं तर फार उशीर झालेला असतो. ताणलेलं रबर विमान हँगरमध्ये नुसतं उभं असलं तरी म्हातारं होतं. उन्हाळा, तेलाचे थेंब, हवेतला ओझोन, सगळं त्याच्या जिवावर उठलेलं. शिवाय ते कापडी विणीत गुंडाळलेलं, म्हणजे बघायचं म्हटलं तरी बघणार काय? म्हणून अमेरिकन लष्करी मानकाने त्या विणीतच जन्मतारीख टाकली. विणीत तीन रंगीत धागे असतात. दोन एकाच रंगाचे, ते वर्ष सांगतात. तिसरा तिमाही सांगतो. दोन निळे आणि एक हिरवा असेल तर वर्षाचा शेवटचा आकडा ३ किंवा ८, आणि महिना जुलै ते सप्टेंबरमधला. रंग पाचच, त्यामुळे दर पाच वर्षांनी तेच रंग परत येतात. २०१८ आणि २०२३ एकसारखेच दिसणार. गोंधळ होईल असं तुम्हाला वाटेल. पण पाच वर्षं जुनी कॉर्ड विमानावर असणारच नाही, हे त्या योजनेत धरूनच चाललेले आहेत.

मोजण्यात मात्र एक मेख आहे. विमानाचे पाय उडताना झिजत नाहीत, उतरताना झिजतात. मग एडी तास का मोजतो? कारण लॉगबुकात तास असतात. छोट्या विमानांत किती वेळा उतरलो याची नोंद विमानाच्या वहीत बहुधा नसतेच. ज्या एडींमध्ये लँडिंग मोजायची असतात, त्यांतल्या काहींना म्हणून सोबत तासांवरून लँडिंगचा अंदाज बांधायची रीत द्यावी लागते. जून १९५९ मध्ये मॅक्स कॉनराड कोमांची घेऊन कॅसाब्लँकाहून निघाला आणि न थांबता लॉस एंजेलिसला उतरला, ७,६६८ मैल. अठ्ठावन्न तासांहून जास्त उड्डाण आणि लँडिंग एक! (उड्डाणाच्या वेळी इंधनाने ठासून भरलेल्या त्या विमानाच्या पायांवर काय गुदरलं असेल, ते वेगळं.) उलट बारामतीला शिकाऊ पायलट सर्किट मारतात तेव्हा एका तासात पाच-सहा लँडिंग सहज होतात, आणि नवशिक्याची लँडिंग म्हणजे काय ते तिथल्या चाकांना विचारा. वहीत दोघांचा तास सारखाच.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. विमान ज्या देशात डिझाइन झालं त्या देशाचे एडी आपल्याकडेही डीजीसीए बंधनकारक मानतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबच्या सेस्नाचा बोल्ट कधी बघायचा, हे पुष्कळदा अमेरिकेत ठरलेलं असतं.

कोमांचीची गोष्ट आणखी अवघड होती, कारण एडी आला तेव्हा विमान बनणंच थांबलं होतं. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळानंतर सस्क्वेहाना नदीला पूर आला आणि लॉक हेवनचा कारखाना पाण्याखाली गेला. साचे, जिग, अर्धवट बांधलेली विमानं, सगळं चिखलात. कंपनीकडे फ्लोरिडात बनणारं स्वस्त ॲरो होतंच, त्यामुळे कोमांची पुन्हा सुरू झाली नाही. पाच वर्षांनी मालकांच्या हातात पाय तपासण्याचा हुकूम आला, तोही दर १००० तासांनी, विमान जिवंत आहे तोवर. झिजलेला भाग सापडला तर नवा आणायचा कुठून हे हुकमात नसतं. ते मालकांच्या संघटनांनी, भंगारातल्या विमानांनी आणि परवाना घेऊन भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांनी निभावलं.

माझ्यासारखीच्या हाती शेवटी लागते ती लॉगबुकातली ओळ. तारीख, विमानाचे तास, एडीचा क्रमांक, काय केलं, पुढची मुदत, मेकॅनिकची सही आणि परवाना क्रमांक. दोन अशा ओळी घ्या. एकीत लिहिलंय की बुशिंगं तपासली, ठीक आहेत. दुसरीत, बंजी बदलल्या. दुसरीत मेकॅनिकला काही ठरवावं लागलं नाही, तारखेने ठरवलं होतं. पहिलीतला "ठीक" मात्र पूर्णपणे त्याचा आहे. विमान जॅकवर उचलून, बोल्ट काढून, पाय चार-सहा वेळा वरखाली करून त्याने तो शब्द लिहिला, का टॉर्च मारून लिहिला, हे वहीत कुठेच नसतं. पुढच्या महिन्यात मी याच "ठीक"च्या मागे लागणार आहे. सुट्या भागांची बिलं आणि लॉगबुकं शेजारी ठेवून बघायचंय, की त्या तारखेला कुणी बुशिंग विकत घेतलं होतं का.