विंचू, बालक आणि महाडचे वैद्य

कोंकणांतील गृहस्थास विंचवाचें भय नवें नाहीं. भाताच्या पेंढ्यांत, सरपणाच्या ढिगांत, दगडी भिंतींच्या सांदींत त्याचा वास असतो. मात्र तांबड्या विंचवाचा दंश प्रौढ मनुष्यापेक्षां बालकास अधिक घातक होतो; कारण विष तेवढेंच, आणि तें सोसणारें शरीर मात्र चिमुकलें! हें संकट ज्यांनीं पुष्कळ अंशीं निवारिलें, त्यांचा वृत्तांत आमच्या वाचकांस सादर करावा असें आम्हांस वाटतें.

सावित्री नदी बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. तिच्याच काठीं महाड वसलें आहे. त्या तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांतला. मोलमजुरी करीत त्यांनीं विद्या संपादिली व नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेतलें. ते बालरोगतज्ज्ञ नव्हेत. परंतु विंचूदंशाचे रोगी बहुधा मुलेंच असल्यामुळें त्यांचें बरेंचसें आयुष्य बालकांच्या खाटेपाशीं गेलें.

त्या काळीं गंभीर दंश झालेल्यांपैकीं शेंकडा तीस ते चाळीस रोगी दगावत. रूढ औषधें निष्फळ ठरत असतां डॉक्टरांनीं रोग्यापाशीं बसून लक्षणांची नोंद करण्यास आरंभ केला. प्रथम घामाच्या धारा व वांति, मग हातपाय गार पडणें व रक्तदाब चढणें, आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडणें, असा हा क्रम होता. त्यांचीं हीं निरीक्षणें १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं.

यावरून इलाजाची दिशा दिसली. विषामुळें शरीरांतीलच उत्तेजक द्रव्यें उसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर असह्य भार पडतो. तेव्हां वाहिन्या सैल करणारें, रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ हें औषध त्यांनीं योजिलें. गोळी साधी, पोटांत घेण्याची; मात्रा वजनाच्या दर किलोमागें ३० मायक्रोग्रॅम. १९८६ सालीं याचा वृत्तांतही ‘लॅन्सेट’ मध्यें आला, आणि पुढें मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. एवढ्यावर संतुष्ट न राहतां प्रतिविष व प्राझोसिन यांचा एकत्र उपयोग त्यांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह पारखला; दोहोंनीं रोगी लौकर सुधारतो, हा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. २०२२ सालीं सरकारनें डॉक्टरांस पद्मश्री दिली.

या इतिहासांत मोठी प्रयोगशाळा कोठेंही दिसत नाहीं. घड्याळ, रक्तदाबाचें यंत्र, वही आणि मुलाच्या उशाशीं जागलेली रात्र, एवढीच सामग्री! ‘कोठें दुखतें’ हें बालकास सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वैद्यास पाहावेंच लागतें. मात्र गोळी वेळेवर पोटांत जाईल तरच उपयोगी. तेव्हां दंश होतांच मांत्रिकाकडे धांवून घटका दवडूं नये, मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, एवढें तरी आपण प्रत्येक घरीं सांगूं या.