आंबलेला चहा आणि दह्याची कीर्ति

आपण दुधाला विरजण लावतों, त्याप्रमाणें गोड चहाला विरजण लावण्याची चाल विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांत व पूर्व युरोपांत होती. तेथें त्या पेयाला चहाचा क्वास म्हणत. आज तें कोंबुचा या नांवानें जगभर विकलें जातें. दोन हजार वर्षांपूर्वीं एका चिनी सम्राटानें तें प्राशन केल्याची कथा सांगतात. पण तिला समकालीन लेखी आधार दाखविला जात नाहीं. नांवहि उसनेंच, कारण जपानांत कोंबुचा म्हणजे समुद्रशेवाळाचें पेय.

या चहावर जी जाड साय धरते, तिला लोक अळंबें समजत. १९१३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ लिंडाऊ यांनीं तिचें वर्णन करून तिला शास्त्रीय नांव दिलें. वस्तुतः ती यीस्ट व जंतु यांची वसाहत आहे. यीस्ट साखरेचा मद्यार्क करतें, जंतु त्या मद्यार्काचें शिरक्यांतील आम्ल करतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत चहा आंबट होतो.

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ यांनीं एक मत मांडलें. मोठ्या आंतड्यांत अन्न कुजल्यानें वार्धक्य लवकर येतें व आंबट दुधांतील जंतु त्याला आळा घालतात, असें ते म्हणत. १९०८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें रोगप्रतिकारावरील संशोधनाबद्दल. परंतु त्या कीर्तीचा प्रकाश दह्यावर पडला, आणि पुढें इतर आंबट पेयांवरहि.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. दह्यांतील दुग्धाम्लजंतु या चहांत कधीं असतात, कधीं नसतात. तापवून बाटलींत भरलेल्या पेयांत तर ते जिवंतच राहत नाहींत. पुरेशा प्रमाणांत घेतल्यास आरोग्यास लाभ देणारे सजीव सूक्ष्मजंतु तेच प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषि संघटना यांच्या तज्ज्ञांनीं २००१ सालीं केली. म्हणजे जंतु कोणते, किती, आणि लाभ कोणता, हे तीन प्रश्न आले.

२०२३ सालीं अमेरिकेंत १२ मधुमेही रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत चार आठवडे हा चहा घेतल्यावर उपाशीपोटींची रक्तशर्करा उतरलेली आढळली; पण बारा माणसांवरून निर्णय होत नाहीं. उलट १९९५ सालीं आयोवा प्रांतांत हा चहा नित्य पिणाऱ्या दोन स्त्रिया रक्तांतील आम्ल वाढून अत्यवस्थ झाल्या व एक दगावली. चहाच कारण होता, हें सिद्ध झालें नाहीं. तरी गर्भवतीनें व दुर्बल रुग्णानें घरीं आंबविलेला चहा टाळावा, हेंच शहाणपणाचें. निरोगी माणसानें तो आवडीनें प्यावा. दह्याच्या भरंवशावर मात्र पिऊं नये.