शालेय स्पर्धा व अभ्यासाचा ताण (मोहगाव परिसर)

शालेय स्पर्धा व अभ्यासाचा ताण : परीक्षा, गुणांची चढाओढ आणि घरच्यांच्या अपेक्षा यांमुळे शाळकरी मुलांवर येणारे दडपण. मोहगाव हे मध्य प्रदेशाच्या सौंसर तहसिलीतील नगर परिषदेचे गाव. 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर वेगळे काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात ते येते. घरची बोली मराठी, कारभार हिंदी आणि ओढा नागपूरकडे, अशी या पट्ट्याची स्थिती आहे. त्यामुळे इतरत्र आढळणाऱ्या ताणात येथे भाषेची आणि राज्यसीमेची भर पडते.

भाषा : 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मराठी भाग मध्य प्रदेशात राहिला. घरी ‘बे एके बे’ ऐकलेले मूल शाळेत ‘दो एकम दो’ म्हणते आणि पुढे क्लासमध्ये तेच गणित बहुधा इंग्रजीतून सोडवते. दप्तराच्या वजनापेक्षा न समजणाऱ्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक, असे यशपाल समितीने 1993 च्या अहवालात नमूद केले होते. घरची भाषा सोडून शिकणाऱ्या मुलाला हे ओझे पहिलीपासून वाहावे लागते.

स्पर्धेची घडण : दहावी-बारावीच्या परीक्षा भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ घेते व गुणवंतांची यादी जाहीर करते. बारावीत ठरावीक टक्के मिळवणाऱ्यांना राज्य शासन लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देते. साहजिकच निकालाच्या दिवशी ‘किती टक्के पडले?’ हा प्रश्न आधी येतो; मूल काय शिकले, ही चौकशी मागे राहते.

खरी चुरस वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाची. 2024 च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशभरातील एमबीबीएसच्या जागा सुमारे 1.1 लाख होत्या. म्हणजे बहुसंख्यांना जागा न मिळणे हे आधीच ठरलेले असते, पण त्याचा दोष मात्र मुलाच्या अभ्यासावर जातो. लातूर पॅटर्नने रूढ केलेली सततच्या सराव चाचण्यांची पद्धत आणि राजस्थानातील कोटा येथील क्लास यांचे आकर्षण येथवर पोहोचले आहे. संत्रा व कापसावर चालणाऱ्या घरात अशा क्लासची फी म्हणजे हंगामाची कमाई पणाला लावणे. हा हिशेब मुलाला ठाऊक असतो.

राज्यसीमा : तयारीसाठी नागपूर जवळ असले, तरी महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी तेथील अधिवास आणि दहावी-बारावीच्या अटी आहेत. मोहगावच्या मुलाला मुख्यतः मध्य प्रदेशाच्या राज्य कोट्यातून किंवा 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून जागा मिळवावी लागते. 2019 मध्ये छिंदवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जमेची बाजू. 2022 मध्ये राज्याने एमबीबीएसची हिंदी पुस्तकेही काढली.

परिणाम : झोपमोड, डोकेदुखी, चिडचिड, परीक्षेची धास्ती आणि खेळ सुटणे ही सामान्य लक्षणे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक संख्येच्या राज्यांत महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोन्ही होते. अशा घटनांमागे सहसा एकच कारण नसते.

उपाययोजना : शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रवेशासाठी मुलांची चाळणी परीक्षा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतो. त्याच्या कलम 29 मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. मोहगावसारख्या गावात पहिलीकडे दुर्लक्ष करून दुसरी साधणे अवघड आहे. नापासांना पुन्हा संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ योजना मध्य प्रदेशात 2016 मध्ये सुरू झाली. जानेवारी 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी 16 वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देण्यास मज्जाव केला. मानसिक त्रासात 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.