दहा सेकंदांनी सरकलेले शिरपूर

1/ एखादे गाव खरोखर स्थलांतरित झाले, की केवळ नकाशावर सरकले? शिरपूर जैन (ता. मालेगाव, जि. वाशीम) या गावासंबंधी हा प्रश्न प्रबंधाच्या कामात माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे उत्तर गावात नव्हते. ते मद्रासच्या वेधशाळेत होते. आजचा थ्रेड त्याविषयी.

2/ शिरपूर म्हणजे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थक्षेत्र. गावाबाहेर पवळीचे मध्ययुगीन पाषाणमंदिर आहे. येथील जुनी वस्ती, वाटा आणि ओढे यांचा परस्परसंबंध तपासण्यासाठी मी भूपृष्ठाच्या उंचीचे चौकटीबद्ध प्रारूप घेतले. 2000 साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवर ते आधारलेले आहे. त्याची एक चौकट म्हणजे एक सेकंद अंश, अर्थात सुमारे 30 मीटर.

3/ त्यावर एकोणिसाव्या शतकातील ‘इंडियन ॲटलस’चे पत्रक पारदर्शक करून अंथरले. प्रमाण इंचास चार मैल. क्यूजीआयएसमध्ये पत्रकाच्या चार कोपऱ्यांवर नियंत्रण बिंदू ठेवले आणि तेथे छापलेले अक्षांश-रेखांश भरले. संगणकाने दाखविलेली चूक जवळजवळ शून्य! शिरपूर मात्र आजच्या गावाच्या पूर्वेस चार किलोमीटरांहून अधिक दूर जाऊन बसले.

4/ मोह अनावर होता. ‘जुने गाव उजाड झाले व पश्चिमेस नवे वसले’ हे वाक्य मी लिहूनही टाकले. मग सहज वाशीम पाहिले, मालेगाव पाहिले. तीही तितकीच, त्याच दिशेस सरकलेली! सारा मुलूख एकाच दिवशी बिऱ्हाड उचलत नसतो. सरकला होता तो नकाशा.

5/ कारण काय? विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. 1823 मध्ये त्याचा मृत्यू झाला तो आपल्या विदर्भातच, हिंगणघाट येथे. या मोजणीतील रेखांश मद्रास वेधशाळेपासून मोजले जात. त्या काळी मद्रासचा रेखांश 80 अंश 17 मिनिटे 21 सेकंद धरला होता. तो वास्तवाहून सुमारे अडीच मिनिटांनी अधिक होता.

6/ रेखांश म्हणजे मूलतः दोन स्थळांच्या वेळेतील अंतर. तारायंत्रापूर्वी हे अंतर गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे पाहून ठरवीत. अडीच मिनिटे अंश म्हणजे घड्याळाचे अवघे 10 सेकंद! पण शिरपूरच्या अक्षांशावर त्याचे सव्वाचार किलोमीटरांहून अधिक होतात. आपल्या प्रारूपात 150 चौकटी. शतकाच्या अखेरीस तारायंत्राने ही चूक दुरुस्त झाली. छापलेले जुने नकाशे तसेच राहिले.

7/ दुसरा दोष सूक्ष्म आहे. भारतीय नकाशांसाठी वापरलेल्या ‘एव्हरेस्ट 1830’ या पृथ्वीच्या आकृतीची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या जीपीएसच्या आकृतीहून सुमारे 861 मीटरांनी लहान आहे. दोहोंचे केंद्रही एक नाही. त्यामुळे आपल्या भागात शे-दीडशे मीटरांचा फरक पडतो. संदर्भप्रणाली योग्य निवडली तर तो निघून जातो.

8/ उपाय? कोपऱ्यांवरचे बिंदू काढून टाकले आणि जमिनीवरचे, आजही ओळखू येणारे बिंदू घेतले: टेकड्यांचे माथे, जुने किल्ले, नद्यांचे मोठे संगम. साध्या रूपांतरणास किमान तीन बिंदू लागतात; मी अधिक घेतले, पत्रकभर पसरून. काही बिंदू मुद्दाम पडताळणीसाठी बाजूला ठेवले. आधीची ‘शून्य चूक’ एवढेच सांगत होती की चार कोपरे एकमेकांशी जुळतात. ते जमिनीशी जुळतात की नाही, हे तिला ठाऊकच नव्हते.

9/ येथे आणखी एक सापळा आहे. नकाशा रबरासारखा ताणणारे रूपांतरण वापरले, तर प्रत्येक बिंदू हवा तेथे बसतो. पण मग एखादे गाव खरोखरच हलले असेल, तर तो पुरावाही ताणाखाली पुसला जातो.

10/ आणि मर्यादा विसरू नये. या प्रमाणावर कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील सुमारे 250 मीटर. त्यामुळे शिरपूरजवळची खूण गावातील मंदिराची की पवळीची, असा वाद हे पत्रक सोडवू शकत नाही. त्यासाठी मोठ्या प्रमाणाचे गावनकाशे आणि शिरपूरची पायपीट हवी.

11/ बिंदू बदलल्यावर शिरपूर, वाशीम, मालेगाव आपापल्या जागी परतले. प्रबंधातील ते वाक्य मी खोडले. त्याजागी आता दोन ओळी आहेत: कोणते बिंदू घेतले आणि पडताळणीत किती चूक राहिली. वाचकहो, जुना नकाशा अंथराल तेव्हा एका गावाकडे पाहून इतिहास लिहू नका. आधी शेजारची गावे काय सांगतात ते पाहा.