डमडमची आजी आणि आपले बर्गी
डमडमला पडकं क्लाइव्ह हाउस बघताना शेजारच्या बंगाली आजींना गमतीनं विचारलं, "इथं भूत आहे का हो?" त्या म्हणाल्या, "आम्हाला लहानपणी बर्गींची भीती घालून झोपवायचे."

बर्गी म्हणजे आपले बारगीर! १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. कलकत्त्यानं धास्तीनं 'मराठा खंदक' खणला. समकालीन गंगारामानं 'महाराष्ट्र पुराणा'त जाळपोळ, बायकांवरचे अत्याचार लिहून ठेवले. १७५१ च्या तहात चौथाईचे वर्षाला १२ लाख ठरले.

भूतकथेत घराण्यानं लपवलेलंच वाड्यात फिरतं. आमच्या घरी चौथाई अभिमानानं सांगत. जळलेली गावं कुणी काढली नाहीत, मीही विचारलं नाही.

आजींनी आडनाव विचारलं, तेव्हा मी नुसतं "कर्नल" म्हणालो.